कोहळ्यातले छर्रे

परवा बंदूकधाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला. नगरपंचायतीची निवडणूक लागली आहे, आचारसंहिता सुरू झाली आहे, तर बंदूक ठाण्यात जमा करायला कधी येता, असं त्यांनी विचारलं. आवाज घरच्या लग्नाचं आमंत्रण देत असल्यासारखा होता. सांगते, म्हणून मी फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. माझ्या आत्याची बंदूक तिच्या खुंटीला लटकलेली होती. आत्या जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

बंदूक म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या मनात काहीतरी मोठं येईल, म्हणून आधीच सांगते. ही हवेची बंदूक आहे. नळी मधून मोडायची, शिशाचा मुगाच्या दाण्याएवढा छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. फट् असा आवाज होतो. परातीवर लाटणं पडलं तरी याहून मोठा होतो. असल्या कमी ताकदीच्या बंदुकीला आपल्याकडे परवाना लागत नाही. हे मला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, ठाण्यातल्या जमादाराला आणि संघटनेच्या वकिलांनाही माहीत होतं. तरीही आत्यानं आयुष्याची शेवटची काही वर्षं या बंदुकीसाठी देशाचा कायदा बदलण्यात घालवली.

ती मानोऱ्याच्या शाळेत पी.टी.ची बाई होती. लग्न केलं नाही, मला मात्र तिनंच वाढवलं. कॉलेजात असताना एन.सी.सी.त तिनं खरी रायफल चालवली होती आणि तो खांद्याला बसलेला धक्का ती उभ्या जन्मात विसरली नाही. नोकरी पक्की झाल्यावर अकोल्याला जाऊन तिनं ही बंदूक आणली. संध्याकाळी परसात भिंतीवर काड्यापेट्या मांडायची आणि एकेक उडवायची. मी ओसरीत पुस्तक घेऊन बसायचे. आमचं दोघींचं बोलणं कमीच. क्वचित मी बंदूक हातात घेतली तर ती एवढंच बजावायची, "रिकामी ओढू नको हं. छर्रा नसला का आतलं वायसर जाते."

तिचा सण म्हणजे दसरा. आमच्याकडे त्या दिवशी विळे, कोयते, कुऱ्हाडी धुऊन पाटावर मांडतात, हळदीकुंकू वाहतात आणि हत्याराच्या नावानं कोहळा फोडतात. आत्याच्या पाटावर मधोमध बंदूक असायची. पूजा झाली की ती कोहळा परसातल्या भिंतीवर ठेवायची आणि त्यावर छर्रे मारायची. छर्रा आत शिरायचा, कोहळा जागचा हलायचासुद्धा नाही. मग शेवटी कोयत्यानंच तो फोडायचा, त्याची भाजी करायची आणि गल्लीत वाट्या पाठवायच्या. दसऱ्याला आमच्या गल्लीत कोहळ्याची भाजी सगळे जण फार सावकाश चावत. ज्याच्या घासात छर्रा निघेल त्यानं तो धुऊन परत आणून द्यायचा, असा तिचा नियम होता. लोक आणून देत. शेजारच्या काकू म्हणत, "बाई, तुमच्या भाजीत मीठ बराबर राह्यते, पण शिसं जरा जास्त झालं."

संघटना तिच्या आयुष्यात निवृत्तीनंतर आली. तालुक्यातल्या परवानेवाल्या बंदूकधाऱ्यांनी ती काढली होती. संघटनेचं नाव इतकं लांब होतं की गोल शिक्क्यात मावलं नाही, चौकोनी करून घ्यावा लागला. अध्यक्ष इंझोरीकडचे मोठे शेतकरी. त्यांच्याकडे आजोबांची दुनाळी बंदूक होती. ती पिकांच्या रक्षणासाठी होती, पण पिकांना याची कल्पना नव्हती. रानडुकरं तूर खाऊन जायची तेव्हा दुनाळी एकतर ठाण्यात असायची, नाहीतर कपाटात, आणि किल्ली अध्यक्षांच्या सौभाग्यवतींच्या कमरेला. सचिव वकील होते. त्यांच्याकडे पिस्तूल होतं, ते कोणी पाहिलेलं नव्हतं, पण शर्ट बाहेर काढून वावरायची त्यांची पद्धत सगळ्यांनी पाहिली होती.

संघटनेचं दुःख खरं होतं. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. लोकसभा झाली की विधानसभा, मग जिल्हा परिषद, मग पंचायत. बंदुकीचा मुक्काम घरापेक्षा ठाण्यातच जास्त. संघटनेची मागणी होती की हौशी आणि क्रीडा नेमबाजांना यातून सूट द्यावी, त्यासाठी नियम बदलावेत. मागणी वकिलांनी चांगली लिहिली होती. अडचण एकच होती. संघटनेत एकही हौशी किंवा क्रीडा नेमबाज नव्हता. तेव्हा कोणाला तरी पी.टी.च्या बाईंची आठवण झाली.

पहिल्या बैठकीला मी आत्याला सोबत म्हणून गेले होते. बैठक अध्यक्षांच्या कृषी केंद्रात, खताच्या पोत्यांच्या मधे भरली. प्रत्येकानं खिशातून ठाण्याची जमा पावती काढून टेबलावर ठेवली. सदस्यत्वाचा तोच पुरावा. कोणाची पावती लॅमिनेट केलेली होती. आत्याकडे काहीच नव्हतं.

"बाई, पावती?" अध्यक्षांनी विचारलं.

"माह्या बंदुकीले परवाना लागत नाई, तं जमा कायले करू?"

सगळ्यांनी वकिलांकडे पाहिलं. मग वकील म्हणाले, "बाई, जमाच नाई केली तं परत मागाची कशी? सूट मांगाले आधी अडकलेलं पायजे ना."

"म्हणजे मी आधी आपल्या पायानं जाऊन अडकू?"

"आमी सारे अडकलोच हाओत," अध्यक्ष अभिमानानं म्हणाले.

मला वाटलं, आत्या उठून घरी येईल. पण उभ्या जन्मात तिला कोणी नेमबाज म्हणून बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून ठाण्यात गेली. मुद्देमाल खोली सांभाळणारा जमादार तिचा शाळेतला विद्यार्थी. त्यानं चादर उलगडली आणि हात जोडले.

"बाई, हे तं शिरपूरच्या यात्रेत फुगे फोडाची बंदूक हाय. घरी घेऊन जा."

"लिही."

"काय लिहू? याले कलम नाई."

"शाळेत बी तू असाच कटकट्या होता. लिही म्हणते ना. अन् पावतीवर शिक्का पाह्यजे."

त्यानं लिहिलं, शिक्का मारला. आत्या पावती पदरात धरून घरी आली. त्या दिवसापासून ती संघटनेची क्रीडा आघाडी झाली. आघाडीत ती एकटीच होती.

यानंतरची चळवळ मी ओसरीतून पाहिली. या चळवळीचा एक घोळ सुटण्यासारखा नव्हता. एरवी कुठला नेता बंदूकवाल्यांना विचारत नसे आणि निवडणूक आली की सगळे भेटत. पण निवडणूक आली की बंदुका ठाण्यात. त्यामुळे शिष्टमंडळ नेहमी रिकाम्या हातानं जायचं. वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा तर दाखवायला काही नसायचं. एका वेळी फ्लेक्स करायला दिला तेव्हा दुकानदारानं स्वतःच्या बुद्धीनं नेटवरून एक परदेशी मशीनगन उचलली आणि अध्यक्षांच्या फोटोशेजारी लावली. फ्लेक्स चौकात एक दुपार राहिला. संध्याकाळी ठाणेदारांनी अध्यक्षांना चहाला बोलावलं, आणि तो चहा बराच वेळ चालला.

एका उमेदवारांकडे आत्या मलाही घेऊन गेली. त्यांना सगळे भाऊ म्हणत. अंगणात खुर्च्या, चहा, गळ्यात उपरणी. भाऊंनी निवेदन उभ्यानंच वाचलं, म्हणजे वरची ओळ वाचली.

"बंदुका! वा वा. लै चांगलं काम करून राह्यले तुमी. लोकं किती?"

अध्यक्षांनी आकडा सांगितला. भाऊंचा हात चहाच्या कपाकडे जाता जाता थांबला.

वकील घाईनं म्हणाले, "भाऊ, लोकं कमी हाय, पण एकेका बंदुकीमागं घर हाय, भावकी हाय, गडी हाय..."

"बरोबर हाय. अन् या ताई?"

"ह्या आमच्या क्रीडा आघाडीच्या. नेमबाज."

भाऊंनी आत्याला नमस्कार केला. "ताई, तुमच्यासारख्या महिला शक्तीसाठीच आमी मैदानात हाओत. सांगा, काय पायजे?"

"दसऱ्याले बंदूक घरी पायजे," आत्या म्हणाली.

"देऊ ना! सरकार येऊ द्या, एक नाई, दोन देऊ."

परतताना रिक्षात अध्यक्ष खूश होते. "दोन म्हणाले," असं त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं. दुसऱ्या उमेदवारांकडे गेलो तेव्हा त्यांना वाटलं की मागणी रानडुकरांबद्दल आहे, आणि त्यांनी साऱ्या तालुक्याला तारेचं कुंपण द्यायचं वचन दिलं. तेही निवेदनाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं गेलं.

मागच्या विधानसभेच्या आधी आत्याची मूत्रपिंडं गेली. वाशीमला डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आम्ही पहाटेच्या बसनं जायचो आणि ती परत येताना खिडकीला डोकं टेकून झोपायची. निवडणूक लागायची चिन्हं दिसू लागली तेव्हा मी म्हटलं की या वेळी बंदूक जमा करू नकोस. पण अध्यक्ष स्वतः घरी आले, खुर्चीत बसले, तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि उठताना चादर मागितली. "बाई, तुमचीच नाई आली तं क्रीडा आघाडी कशी दाखवाची?" तिनं मान हलवली. बंदूक गेली.

त्या साली दसरा आचारसंहितेत आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळीचं काही सांगता येत नाही. घरी आल्यावर मी तिला काही बोलले नाही, पण तिनं माझा चेहरा वाचला असावा. रात्रीची गोळी घेताना ती म्हणाली, "मले बाकी काई नको. या दसऱ्याले कोहळ्यावर एक छर्रा मारू दे. मंग पाहू."

मी ग्रंथपाल आहे. मला एवढंच येतं की नियम काढायचा, वाचायचा आणि ज्याला हवा त्याच्यासमोर ठेवायचा. तो घेऊन मी ठाण्यात गेले. ठाणेदार नवे होते, शिकलेले, सभ्य. त्यांनी नियम शांतपणे वाचला.

"तुमचं बरोबर आहे. या बंदुकीला परवाना लागत नाही."

"मग परत द्या."

"तीच तर अडचण आहे, मॅडम. परवान्याची बंदूक निवडणुकीत परत द्यायची की नाही, हे ठरवायला समिती असते. बिनपरवान्याच्या बंदुकीसाठी समितीच नाही. परत द्यायला मी कोणाला विचारू?"

"पण जमा करून घेताना कोणाला विचारलं होतं?"

त्यांनी मला चहा मागवला.

तिथून मी वकिलांकडे गेले. त्यांनी दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मले काय मायती नाई का? पण आत्ता हे चारचौघात बोलू नका. आपल्या निवेदनात महिला नेमबाज एकच हाय. तिले सूट हायेच असं निघालं तं बाकीच्यायचं काय राह्यलं?"

"ती आजारी आहे, वकीलसाहेब."

"म्हणूनच तं! आजारी महिला नेमबाजाले बंदूक भेटत नाई, ह्या मुद्द्यात लै दम हाय. मतदानापर्यंत थांबा."

अध्यक्षांनी तर माझ्याकडे दुखावल्या नजरेनं पाहिलं. "तुमच्या आत्यासाठी तं आमी लढून राह्यलो. अन् तुमीच म्हणता लढू नका."

मी घरी येऊन आत्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती हसायला लागली. इतकी हसली की मला तिची पाठ चोळावी लागली. "पाय बरं," ती म्हणाली, "माह्या बंदुकीले कायदाच नाई, अन् मी तिच्यासाठी कायदा बदलून राह्यली." मग उशीवर मान टेकली आणि म्हणाली, "पण बोलावलं तं होतं त्यायनं मले. नेमबाज म्हणून."

वाट काढली ती जमादारानं. तो आत्याला भेटायला आला होता, सफरचंदं घेऊन. सगळं ऐकून म्हणाला, "दसऱ्याले ठाण्यात बी पूजा असते ना. आमी सरकारी बंदुका मांडतो, अन् जमा झालेल्याही मांडतो. हत्यार हत्यारच हाय, त्याले काय मालूम कोणाचं. बाईले दर्शनाले येऊ द्या. दर्शनाले समिती लागत नाई."

ठाणेदारांनी यावर विचार केला आणि दर्शनाला हरकत नाही म्हणाले.

दसऱ्याला मी आत्याला तिची निळी सुती साडी नेसवली. रिक्षातून ठाण्यापर्यंत जाईतो ती दोन्ही हातांनी बाजूचा दांडा धरून बसली होती. ठाण्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर बंदुका रांगेनं मांडल्या होत्या, प्रत्येकीला झेंडूचं फूल. अध्यक्षांची दुनाळी होती, सरकारी रायफली होत्या, आणि टोकाला आत्याची. अध्यक्ष, वकील आणि आणखी काही जण आधीच आलेले. दर्शनाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि सोबत फोटोवाला होता.

आत्याला खुर्चीत बसवलं. एका महिला शिपायानं बंदूक उचलून तिच्या मांडीवर ठेवली. आत्यानं फूल बाजूला केलं. नळीवर बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून पाहिलं. तांबूस झालं होतं.

"गंजवली रे तुमी," ती जमादाराला म्हणाली. "तेल हाय?"

"बंदुकीचं तेल तं संपलं, बाई. साहेबायनं मागोतलं हाय, आलं नाई अजून."

समोर समई होती. आत्यानं पदराचं टोक समईत बुडवलं आणि त्या तेलानं नळी पुसायला लागली. सावकाश, सांध्यापासून टोकापर्यंत. फोटोवाल्यानं फोटो काढला. अध्यक्ष मागे येऊन उभे राहिले, म्हणजे फोटोत येतील. पुसून झाल्यावर तिनं दस्ता खांद्याला लावला.

कोहळा पायरीवर होता, फोडायला ठेवलेला. आत्यानं त्यावर नेम धरला. तिचे हात हळूहळू स्थिर झाले. ठाणेदार एक पाऊल पुढे आले आणि थांबले. बंदूक रिकामी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कोहळ्याजवळचा शिपाई बाजूला सरकला. ती बराच वेळ तशीच राहिली. शाळेत ती पोरांना असं उभं करायची, आणि जो हलेल त्याला मैदानाला फेरी.

मला वाटलं, ती चाप ओढेल. तिनं बोट चापावरून काढून घेतलं.

"लागला," ती म्हणाली आणि बंदूक शिपाई बाईच्या हातात दिली.

मग कोयत्यानं कोहळा फोडला. जमादारानं अर्धा कोहळा वर्तमानपत्रात बांधून माझ्याकडे दिला. आत्यानं सगळ्यांना आपट्याची पानं वाटली, ठाणेदारांनाही. वकील म्हणाले, "बाई, हा चळवळीचा पहिला विजय हाय." आत्यानं त्यांच्या हातात पान ठेवलं आणि विचारलं, "दुसरा कदी?"

संध्याकाळी मी भाजी केली. तिला फार खायची मनाई होती, पण तिनं दोन घास घेतले. फोड तोंडात टाकायच्या आधी तिनं बोटांनी दाबून पाहिली. दुसरीही दाबून पाहिली. मी मान खाली घालून जेवत राहिले.

मतमोजणीच्या आधी ती गेली.

शोकसभा कृषी केंद्रात झाली. भाऊ निवडून आले होते, ते आले. आत्याच्या फोटोला हार घातला आणि त्यांनी सांगितलं की या थोर महिला शिकाऱ्याचं स्वप्न अपुरं राहणार नाही. आत्यानं आयुष्यात काड्यापेटी आणि कोहळा सोडून कशावर नेम धरला नव्हता. पण कोणी दुरुस्ती केली नाही, मीही नाही. ठराव झाला. ठरावात आत्याचा तो ठाण्यातला फोटो तिथल्या भिंतीवर लावायचं ठरलं. त्यात अध्यक्ष अर्धे आले आहेत.

बंदूक परत मिळवायला पुढे बरेच महिने लागले. जमा करणारी व्यक्ती हयात नसल्यामुळे वारस कोण, हा प्रश्न आला. परवान्याच्या बंदुकीच्या वारसासाठी नियम होता. या बंदुकीला परवाना नव्हता, म्हणून वारसही नव्हता. शेवटी एके दिवशी जमादार स्वतः चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन दारात आला. "साहेबायची बदली झाली," तो म्हणाला. "नवीन साहेबायनं विचारलं, हे कोणाचं खेळणं हाय? मी म्हटलं, आमच्या बाईचं. तं म्हणाले, देऊन ये."

आणि आता नगरपंचायत. काल मी अध्यक्षांना फोन केला आणि बंदूक जमा करणार नाही म्हणून सांगितलं.

"काहून?"

"लागत नाही म्हणून."

"मंग तुमी सदस्य कायच्या? क्रीडा आघाडी तं बंद पडली ना! मॅडम, तुमच्या आत्यानं उभी केलेली संघटना तुमी फोडून राह्यल्या."

मी म्हटलं, हो.

संध्याकाळी बाजारातून कोहळा आणला. दसरा नव्हता, भाजीवालीनं विचारलंही, आज कायचा कोहळा. परसातल्या भिंतीवर ठेवला. आत्याच्या डब्यात छर्रे होते, गल्लीनं धुऊन परत आणून दिलेले, चेपलेले. त्यांच्यात थोडे नवेही होते. नळी मोडायला मला दोन्ही हात आणि गुडघा लागला. पहिला छर्रा शेजारच्या कडुलिंबात गेला. दुसरा कुठे गेला ते कळलं नाही. अंधार पडायच्या आत एक कोहळ्यात शिरल्यासारखा वाटला, पण कोहळा काही हलला नाही, तेव्हा खात्री नव्हती.

कोयत्यानं फोडला, भाजी टाकली, एकटीच जेवायला बसले. सावकाश चावत होते. ताटातली भाजी संपत आली तेव्हा दाताखाली कट्ट झालं.

मी तो धुतला आणि डब्यात टाकला.